भूतप्पाच्या झाडावरची झडप

नेलकट्ट्याच्या जीप स्टँडवर बावीस वर्षं मी खानावळ चालवते. माझं नाव गिरिजा. माझ्या नीरडोशाची चव आणि माझ्या जिभेची धार, दोन्ही इथल्या एकूण एक ड्रायव्हरनं चाखलेली आहे. तेव्हा मी सांगते ते कुणाला झोंबलं तर खुशाल झोंबू दे. जलजाक्षीच्या बाबतीत या बाप्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि पुढं काय झालं तेही.

आमच्या स्टँडवरून भैरवगुड्ड्यावर देवाला जायचं म्हणजे सात किलोमीटर चढ. लाल मातीची वाट, एका जीपपुरती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बघायचंच नाही. सव्वीस जीपा आहेत, प्रत्येकीला नंबर, आणि नंबराप्रमाणं फेरी. या सगळ्या जीपवाल्यांची मिळून आमची लाइन. वाटेत एखाद्या जीपचं रेडिएटरमधलं पाणी उकळून ती उभी राहिली की मागच्या सगळ्या ताटकळतात, म्हणून लाइनीचा नियम असा की एका हंगामात तीन उकळ्या झाल्या की नंबर गेला. तो नंबर मग वाट बघत बसलेल्या पहिल्या माणसाला मिळतो. यंदा वाट बघत बसलेला पहिला माणूस कोण, तर लाइनीचा अध्यक्ष तिमप्पगौडा याचा सख्खा पुतण्या. आता समजा काय समजायचं ते.

अकरा नंबर सुब्रायचा. जलजाक्षी त्याची बायको. पंचेचाळिशीची असेल, हाडापेरानं मजबूत, पान खाऊन ओठ कायम लाल. बोलायला अगदी कमी. माझ्यासारखी नव्हे. तिचा बाप हुलीकट्ट्याच्या हेगड्यांच्या सुपारीच्या बागेत पाणी द्यायच्या कामावर होता. आई लवकर गेली, तेव्हा सात-आठ वर्षांची असल्यापासून ही बापाबरोबर बागेत. दारं धरायची. पाटाचं पाणी या ओळीतून त्या ओळीत फिरवायचं, चिखलाचा गोळा आणि सुपारीची झावळी लावून इथं बंद, तिथं उघडं. पुढं लग्न होऊन इथं आली. सुब्रायनं हौसेनं तिला जीप शिकवली, भात कापून झालेल्या शेतात. सुपारीची पोती, गवताचे भारे असं सपाटीवरचं भाडं ती कधीमधी मारायची. अनवाणी चालवते. म्हणते, चप्पल घातली की गाडी काय बोलते ते तळपायाला कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात सुब्रायच्या जीपचं इंजिन बसलं. त्यानं शिवमोग्ग्याच्या भंगारवाल्याकडून एका मोडलेल्या कारचं इंजिन आणलं, आणि आमच्या लॉरेन्स मेस्त्रीनं ते जीपमध्ये चढवलं. लॉरेन्स हाताचा चांगला आहे, माणूसही चांगला. पण परंपरेच्या पुढं त्याचीही अक्कल चालत नाही.

परंपरा अशी. प्रत्येक इंजिनात एक पितळी झडप असते, अंगठ्याएवढी. इंजिन गार असतं तोवर ती पाणी अडवून धरते, तापलं की उघडते. लॉरेन्स तिला थर्मोस्टॅट म्हणतो. आमच्या लाइनीचं म्हणणं, डोंगर चढणाऱ्या गाडीला पाणी अडवणारी वस्तू कशाला हवी? म्हणून नवीन इंजिन आलं की आयुधपूजेच्या दिवशी, गाडीला झेंडू-बिंडू घालून, नारळ फोडून, मालकानं स्वतःच्या हातानं ती झडप काढायची आणि घाटाच्या पायथ्याला राखणदार भूतप्पाचं जे फणसाचं झाड आहे त्याला तारेनं बांधायची. वाटेतला अडसर देवाला दिला, आता गाडी अडणार नाही. माझ्या आठवणीत एकाही गाडीनं हे चुकवलेलं नाही. सुब्रायनंही चुकवलं नाही. ढोल वाजवत बांधली.

आणि पावसानंतर वाट उघडायच्या आदल्या दिवशी हाच सुब्राय जीपच्या टपावर सामानाची जाळी बांधताना घसरला आणि खाली पडला. खुब्याचं हाड मोडलं. दोन महिने खाटेवर, मग काठी. अकरा नंबर रिकामा ठेवला तर जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जलजाक्षी साडीचा पदर कमरेला खोचून स्टँडवर जीप घेऊन हजर.

अगं बाई, काय तोंडं झाली एकेकाची! "अक्का, भाविक वर पोचवायचेत, बरं का, वर म्हणजे अगदी वर नव्हे!" असले विनोद.  नंबर आला तशी तिनं माणसं भरली, वर जाऊन आली. थंडीचे दिवस होते. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा जरा वर राहायचा, पण गाडी उकळली नाही.

मार्च लागला आणि ऊन तापलं, तशी पहिली उकळी. तिसऱ्या वळणावर, वाफेचा हा लोट. मागं नऊ जीपा अडकल्या. एप्रिलच्या पहिल्या बुधवारी दुसरी उकळी, तीही तिसऱ्या वळणावरच. खाली आली तेव्हा सगळी लाइन माझ्या खानावळीपुढं जमलेली.

"मी सांगतो कशानं उकळते," तिमप्पगौडा म्हणाला. बाकावर पाय हलवत बसला होता, माझाच चहा पीत. "गाडीत काही दोष नाही. बायकांचा पाय क्लचवरून निघतच नाही. पहिल्या गिअरमध्ये रडवत रडवत नेतेस, मग उकळणार नाही तर काय गोठणार?"

सगळे फिदीफिदी हसले. मला राग आला तो त्यांचा नव्हे, सुब्रायचा. काठी टेकत तोही आलेला होता. नवरा म्हणून एक शब्द बोलावा! तर हा मान डोलावतो. "मी पण तेच सांगतो तिला रोज. दुसरा गिअर टाक, दुसरा गिअर टाक. ऐकेल तर शपथ."

जलजाक्षीनं त्याच्याकडं एकदाच पाहिलं. मग गौड्याला म्हणाली, "गौडा, चाचणी फेरी मागायचा नियम आहे ना?"

नियम होता. गेल्या कितीतरी वर्षांत कुणी मागितली नव्हती, एवढंच. भर दुपारी, लाइनीची दहा माणसं बसवून, एकदाही न थांबता वर जायचं. गाडी उकळली नाही तर हंगामातल्या सगळ्या उकळ्या माफ. उकळली तर तिसरी उकळी धरायची आणि नंबर तिथंच, डोंगरावरच, काढून घ्यायचा.

"कधी?" गौड्यानं विचारलं. त्याच्या डोळ्यात पुतण्या नाचत होता.

"परवा. शुक्रवारी बाराला."

"अगं ए जलजा," सुब्राय ओरडला, "डोकं फिरलं का तुझं? तो नंबर म्हणजे आपली चूल आहे!"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि बादलीभर पाणी घेऊन जीपकडं गेली.

लॉरेन्स त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या जीपच्या पोटात शिरलेला होता. रेडिएटर आधीच दोनदा साफ झालेला. झाकण नवीन. पंख्याचा पट्टा ताणलेला, पंखा वारा ओढतोय तोही बरोबर बाजूनं. पाण्याचा पंप काढून पाहिला, पाती शाबूत. तेलाची काडी बाहेर काढून बघितली, तेल काळंच, म्हणजे पाणी तेलात शिरत नाही. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का तेही पाहिलं, येत नव्हते. शेवटी त्यानं हात पुसले.

"अक्का, आता इंजिनाचं हेड खोलावं लागेल. आठ दिवस."

"आठ दिवस नाहीत, लॉरेन्स अण्णा."

"मग..." त्यानं मान खाली घातली. "रागावू नका. क्लचकडं जरा लक्ष द्या."

म्हणजे तोही त्यांच्यातच. मी माझ्या चुलीपासूनच ओरडले, "मेस्त्री, स्वतःला कळत नाही ते बाईच्या पायावर ढकलायचं, हे कुठल्या गॅरेजात शिकवलं रे तुला?" तो कसनुसा हसला आणि सायकल घेऊन निघाला.

गुरुवारी सकाळी नाश्त्याची गर्दी ओसरली तशी जलजाक्षी आली. "गिरिजक्का, तासभर याल? मला गाडी चालवायचीय आणि काट्यावर डोळा ठेवायला कुणीतरी हवंय." मी म्हटलं, चल. खानावळ सोडून मी कधी कुठं जात नाही, पण त्या दिवशी माझ्या अंगात आलं होतं.

दुसऱ्या वळणापर्यंत गेलो. मी तिच्या पायाकडंही बघत होते, उगाच खोटं कशाला बोलू. क्लच दाबायची, गिअर टाकायची, पाय बाजूला. सुब्राय चालवतो त्याहून साफ. काटा मात्र चढत चढत लाल पट्टीला टेकायला आला. तिनं जीप वळणाच्या आतल्या रुंद जागेत घेतली, चाकाला दगड लावला, इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडलं.

मला वाटलं पाणी ओतेल. तिनं काही ओतलं नाही. ओलं फडकं हाताला गुंडाळून एकेक नळी चाचपायला लागली. वरची जाड नळी, इंजिनाकडून रेडिएटरकडं जाते ती, गरम. रेडिएटरच्या खालून निघून परत इंजिनाला जाते ती जाड नळी तिनं धरली आणि धरूनच ठेवली. फडकं काढून उघड्या हातानं धरली.

"गिरिजक्का, हात लावा."

"अगं भाजेल!"

"लावा तर."

लावला. कोमट. अंघोळीचं पाणीसुद्धा मी त्याहून कडक घेते. इंजिन उकळायला आलंय आणि ही नळी कोमट! मग तिनं वरच्या बाजूनं निघून पंपाकडं वळलेली एक बारीक नळी दाखवली, बोटापेक्षा थोडी जाड. "हिला नका लावू," म्हणाली आणि फडक्यानं शिवली. फडक्यातून वाफ निघाली.

ती उकिडवी बसली. पानाची पिंक टाकली. आणि मग बोलायला लागली, एवढं एका दमात ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं.

"लहानपणी बाप मला मारायचा, तो एकाच गोष्टीसाठी. वरचं दार बंद न करता मी खालच्या ओळीला पाणी सोडायची. पाणी काय करतं, सोप्या वाटेनं जातं. ओळीत शिरायचं तर मातीतून, मुळ्यांतून जावं लागतं, त्यापेक्षा उघडं दार बरं. पाट भरून वाहतोय आणि झाडं वाळतायत. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी. पाणी कमी नसतं, अक्का. दार उघडं असतं."

"म्हणजे काय, ते नीट सांग."

"रेडिएटरच्या बारीक बारीक नळ्यांतून जायला पाण्याला कष्ट आहेत. ही बारीक नळी बघा, इकडून निघाली आणि लगेच तिकडं पोचली. गरम पाणी हिच्यातूनच गोल गोल फिरतंय. गार व्हायला जातच नाही. थोडंसं जातं, ते चांगलं गार होतं, म्हणून खालची नळी कोमट. रेडिएटर बिचारा बसून आहे, त्याला कामच नाही."

मला अर्धं कळलं, अर्धं नाही. पण तिचं तोंड बघून वाटलं, हिला काहीतरी सापडलंय.

खाली आल्यावर तिनं काय करावं? माझी सांडशी उचलली! पातेली उतरवायची, लोखंडी. त्या बारीक नळीला सांडशीच्या चिमट्यात धरलं, सांडशीचे दोन दांडे सुतळीनं करकचून बांधले आणि मला परत जीपमध्ये कोंबलं. पुन्हा तेच दुसरं वळण. काटा अर्ध्यावर. मी डोळे चोळून बघितलं. अर्ध्यावर! मी तिथंच टाळ्या पिटल्या. ती म्हणाली, "गप बसा अक्का, अजून काही झालं नाही," पण ओठांत हसू तिच्याही होतं.

लॉरेन्सला गॅरेजातून ओढून आणलं. तिनं सांडशी दाखवली आणि एकच प्रश्न विचारला. "ही नळी कशाला असते?"

"सकाळी गार इंजिन लवकर तापावं म्हणून. तेव्हा पाणी रेडिएटरला न जाता हिच्यातून फिरतं."

"आणि इंजिन तापलं की हिला बंद कोण करतं?"

 लॉरेन्सनं कपाळावर हात मारला, तेलकट, पाची बोटं उमटली. "झडप," तो म्हणाला. "अय्यो, येशू! झडपच करते. या कारच्या इंजिनात झडपेला खाली दुसरी तबकडी असते. वरचं उघडलं की खालचं बंद. आपल्या जुन्या जीपांच्या इंजिनाला हा प्रकारच नाही, त्यांची झडप काढली तर फार बिघडत नाही. म्हणून आपण सगळ्यांचीच... मीच सांगितलं सुब्रायला, काढ म्हणून. आणि वर काल तुम्हालाच क्लच शिकवला."

"सांडशी अशीच ठेवली तर?" मी विचारलं. सांडशी गेली तरी चालेल म्हटलं, नंबर राहू दे.

"रबर चिरेल, चढावरच फाटेल. आणि गौडा असली बांधाबांध चालू देणार नाही. झडपच हवी. नवीन बंगळुरूहून मागवायची म्हणजे चार दिवस."

तिघंही एकाच वेळी रस्त्यापलीकडं बघायला लागलो. फणसाच्या झाडाकडं.

त्या झाडावर चाळीसेक झडपा असतील, हिरव्या पडलेल्या. सुब्रायची ओळखायला वेळ लागला नाही. बाकीच्यांपेक्षा लांब, खाली ती दुसरी तबकडी. जलजाक्षी हात जोडून उभी राहिली तोवर बातमी पसरलीच. तिमप्पगौडा आला, मागं चारपाच जण, आणि मागून काठी टेकत सुब्राय.

"देवाला दिलेली वस्तू परत घेणार?" गौडा गरजला. "आजपर्यंत कुणी घेतली नाही! सगळ्या लाइनीवर संकट आणशील, बाई!"

"जलजा, नको," सुब्राय म्हणाला.  "मी माझ्या हातानं बांधलीय ती. आधीच एक हाड मोडलंय."

भूतप्पाची पूजा करतो तो दुग्गप्पा अज्जा झाडाखालीच सुपारी कातरत बसला होता. ऐंशी तरी वय. त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

"ए तिमप्पा, इकडं ये. तुला कुणी सांगितलं, भूतप्पाला हे पाहिजे म्हणून?"

"परंपरा आहे, अज्जा."

"कुणाची? माझा बाप इथं पूजा करायचा तेव्हा झाडावर फणस होते फक्त. भूतप्पाला कोंबडा लागतो, नारळ लागतो, वर्षातून एकदा ताडी लागते. हे पितळ तुम्हीच आणून लटकावता. वारा सुटला की रात्रभर खडखड, खडखड. त्याची झोप जाते का माहीत नाही, माझी जाते! घेऊन जा गं पोरी. नारळ ठेव आणि घेऊन जा. बाकीच्यांनीही न्या म्हणावं."

अरे देवा, काय तोंड झालं त्या गौड्याचं! मी तर पदर तोंडाला लावून हसले. जलजाक्षीनं नारळ ठेवला, विडा ठेवला, नमस्कार केला आणि तार सोडवली. सुब्राय तोंड फिरवून उभा होता.

सात महिने पावसा-दवात राहिलेली झडप. चालेल का, हा सवाल होताच. मी माझ्या तांब्याच्या हंड्यांना लावते ती चिंच काढली, मीठ घातलं आणि दोघींनी ती घासली. मग चहाचं पातेलं रिकामं करून त्यात पाणी ठेवलं, झडपेला दोरा बांधून आत सोडली. गिऱ्हाईकं चहा मागत होती, त्यांना म्हटलं, थांबा जरा, आज या चुलीवर वेगळं शिजतंय.

पाणी कोमट झालं. काही नाही. वाफ यायला लागली. काही नाही. लॉरेन्सनं डोळे मिटून क्रूसाची खूण केली. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले, आणि झडपेनं भुकेल्या पिल्लाच्या चोचीसारखं हळूहळू तोंड उघडलं. "उघडली!" लॉरेन्स नाचायलाच लागला. गार पाण्यात टाकली, तर मिटली. पुन्हा गरमात, पुन्हा उघडली. पाच वेळा करून पाहिलं. पाचव्या वेळी गिऱ्हाईकंही टाळ्या वाजवत होती, आणि त्यांना कशासाठी ते माहीतही नव्हतं.

लॉरेन्सनं एका लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून, ग्रीस लावून, पाणी झिरपू नये म्हणून गॅस्केट बनवलं आणि झडप बसवली. जीपचं नाक चढावर करून उभी केली आणि तांब्यातांब्यानं पाणी भरलं, आत हवा अडकू नये म्हणून. सांडशी मला परत दिली, जरा वाकडी झालेली. अजून तीच वापरते.

शुक्रवारी बारा वाजता आभाळात एक ढग नव्हता. दहा माणसं हवी होती. पुढं तिमप्पगौडा, काट्यावर डोळा ठेवायला. मागं लाइनीचे सात जण, सगळे आडवेतिडवे, एकेक जण पोत्यासारखा. नववी मी, मागच्या बाकाच्या टोकाला. "गिरिजक्का लाइनीत कुठं?" कुणीतरी बोललं. "लाइनीला बावीस वर्षं पोसतेय कोण?" म्हटलं.  लॉरेन्सनं चढायला पाय उचलला, तर जलजाक्षी म्हणाली, "अण्णा, तुम्ही मागच्या जीपनं या. दहावी जागा भरलीय." आणि तिनं सुब्रायचा दंड धरला.

"मी कशाला? माझा खुबा..."

"बसा," ती म्हणाली. एवढंच. तिनं त्याला गौड्याच्या शेजारी बसवलं आणि काठी पायाशी ठेवली.

निघालो. पहिलं वळण, काटा खाली. गौडा मान लांब करून बघतोय. पहिल्या आणि दुसऱ्या वळणामध्ये काटा चढायला लागला. अर्धा. अर्ध्याच्या वर. पाऊण.

"चढला, चढला," मागून कुजबूज. गौडा सीटमध्ये सैल बसला, हसायला लागला. "बाई, थांबवतेस का? उगाच इंजिन जाईल हातचं."

"दुसरा गिअर टाक!" सुब्राय ओरडला. "जलजा, ऐक, दुसरा टाक!"

 मी मनात भूतप्पाला म्हणाले, एक कोंबडा देते बाबा, दोन देते. जलजाक्षीनं गिअरला हात लावला नाही. तिनं ना काट्याकडं पाहिलं, ना नवऱ्याकडं. डोळे वाटेवर, अनवाणी पाय पेडलवर, आणि ओठ मिटलेले.

आणि काटा आपसूक खाली आला. पाऊणवरून अर्ध्यावर. झडप उघडली होती! आधी इंजिन तापू द्यायचं आणि मग दार उघडायचं, हेच तर तिचं काम. काल पातेल्यात बघितलं होतं म्हणून मला कळलं, या पोत्यांना काय कळणार? मी मागच्या बाकावरून ओरडले, "आता बोला की, कोण चढलं?"

तिसरं वळण आलं. नेहमीचं, उकळीचं. काटा अर्ध्यावर. चौथं, सहावं, आठवं. मोठा खडक आहे तिथं चाकं घसरली, तिनं जीप जरा मागं सोडून पुन्हा घेतली, दहा माणसांसकट, आणि काटा जागचा हलला नाही.  अकराव्या वळणावर देवळाची घंटा दिसली तशी मीच बोंब ठोकली. वर पोचलो. तिनं बॉनेट उघडलं, सगळ्यांच्या नाकासमोर. वाफेचा एक धागा नाही. मागून लॉरेन्स पोचला, त्यानं खालच्या जाड नळीला हात लावला आणि चटकन काढून फुंकर मारली. "गरम!" तो आनंदानं ओरडला. "रेडिएटर कामावर आला!"

गौड्याला बोलावंच लागलं. "दोन्ही उकळ्या माफ. अकरा नंबर कायम." टॉवेलनं तोंड पुसत पुसत बोलला, पण बोलला. मग मागच्या सातांतल्या एकानं, सवयीनंच, म्हटलं, "झडपेची कमाल आहे हं! नाहीतर अक्काच्या हातून..."

"गप ए!"

सुब्राय होता. काठी विसरून जीपला धरून उभा राहिला होता, तोंड लालबुंद. "झडप मी काढली. ढोल वाजवून काढली. सहा महिने ही बाई बिघडलेली गाडी या डोंगरावर चढवत होती, रोज, तुमच्या शिव्या खाऊन. आणि घरी माझ्या. यातला एक जण तरी त्या इंजिनावर इतक्या फेऱ्या मारू शकला असता का? मी नसतो मारल्या. ऐका नीट. दोष हिच्या पायाचा कधीच नव्हता. माझ्या हाताचा होता." आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, त्यात लपवायचं काय आहे.

 जलजाक्षीनं पान काढलं, चुना लावला, तोंडात टाकलं. मग देवळाच्या पायरीवर खाली जायच्या गाडीची वाट बघत बसलेल्या भाविकांकडं बोट केलं. केरळची मंडळी, आठ जण, दोन म्हाताऱ्या, आणि त्यांच्यामागं आणखी दहा जण. "गौडा, नियम काय आहे? वर भाविक असतील तर खाली जाताना लाइनीच्या माणसांनी जागा अडवायची नाही. बरोबर ना?"

नियम त्यानंच केलेला. "हो, पण..."

"लॉरेन्स अण्णा आले त्या जीपमध्येही भाविकच बसतील. मग तुम्हाला जागा नाही. गिरिजक्कांना खानावळीत जायचंय, त्या बसतील. यांना चालता येत नाही, हे बसतील. तुम्ही चालत या. उतारच आहे."

सात किलोमीटर! भर दुपारी! त्या आठही जणांची तोंडं बघायला अख्ख्या लाइनीच्या बायका तिथं हव्या होत्या. उतरताना पहिल्याच वळणावर मी मागं वळून पाहिलं, तिमप्पगौडा डोक्यावर टॉवेल टाकून तांबड्या धुळीतून येत होता, आणि मागं बाकीची वरात. मल्याळी म्हाताऱ्यांनी मला विचारलं, ते कोण? मी म्हटलं, आमचे अध्यक्ष, नवस फेडतायत.

सुब्राय पुढं बसला होता, बायकोच्या शेजारी. अकरा वळणं उतरेपर्यंत त्यानं एकदाही गिअरचं नाव काढलं नाही.